मॉडेल टी : फोर्डचं नाव ज्या गाडीवर उभं राहिलं

फोर्ड कंपनीबद्दल मत बनवायचं असेल तर आधी मॉडेल टी पाहावी. मस्टँग, एफ-सिरीजचे पिकअप, आपल्याकडची आयकॉन आणि इकोस्पोर्ट हे सगळं नंतर. १ ऑक्टोबर १९०८ ला बाजारात आलेली ही गाडी मे १९२७ पर्यंत बनत राहिली आणि दीड कोटीहून जास्त विकली गेली. हा आकडा ओलांडायला फोक्सवॅगनच्या बीटलला १९७२ साल उजाडावं लागलं. फोर्डला मिळालेली पत या गाडीमुळे मिळाली, आणि कंपनीच्या वाट्याला आलेल्या पहिल्या मोठ्या फटक्याचं कारणही हीच गाडी होती. म्हणून हे परीक्षण मुख्यतः यंत्राचं आहे. कंपनीचा इतिहास त्याच्या ओघात येईल.

कागदावरची माहिती थोडक्यात. चार सिलिंडर, २.९ लिटर, २० अश्वशक्ती. चारही सिलिंडर एकाच ओतकामात आणि वरचं हेड वेगळं काढता येणारं. त्या काळात ही मोठी सोय होती, कारण व्हॉल्व्ह घासायला किंवा कार्बन काढायला इंजिन उतरवावं लागत नसे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०० इंच. सुरुवातीच्या गाड्यांचं वजन साधारण ५५० किलो. पुढे एक आणि मागे एक असे दोनच पाटे, तेही आडवे. इंजिन चासीवर तीन बिंदूंवर टेकवलेलं, त्यामुळे खड्ड्यात चासी पिळवटली तरी इंजिनाच्या ओतकामावर ताण येत नाही. ॲक्सल, स्टिअरिंगचे भाग आणि पाटे यांना व्हॅनेडियम पोलाद वापरलं, म्हणून भाग बारीक ठेवूनही तुटले नाहीत. अमेरिकेच्या खेड्यांतले रस्ते तेव्हा चिखलाचे होते. गाडी त्या रस्त्यांसाठी बनवली होती आणि ते काम तिनं चोख केलं. आजही कच्च्या रस्त्यावर ती चारही चाकं जमिनीला टेकवून ज्या शांतपणे जाते, ते पाहण्यासारखं आहे.

आता चालू करण्याचा विधी. १९१९ पर्यंत सेल्फ स्टार्टर नव्हताच. हँडल मारावं लागे. इथली चूक हाड मोडते, म्हणून क्रम नीट लक्षात घ्यावा. हँडब्रेक पूर्ण मागे ओढायचा. स्टिअरिंगखाली दोन बारीक दांड्या आहेत. डावी ठिणगीची वेळ ठरवते, उजवी पेट्रोलची, म्हणजे आजच्या ॲक्सिलरेटरचं काम करते. डावी पूर्ण वर ठेवायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. उजवी पाच-सहा दात खाली घ्यायची. मग पुढे जाऊन, स्विच बंद असतानाच, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून डोकावणारी चोकची तार ओढून धरायची आणि हँडल दोन-तीनदा पाव-पाव फेरा वर खेचायचं. तार सोडायची, स्विच चालू करायचा आणि परत एकदा पाव फेरा. इंजिन बरं असेल तर एवढ्यात धरतं.

हँडल डाव्या हातानं धरायचं, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि नेहमी खालून वर ओढायचं. उजव्या हातानं वरून खाली दाबायचं नाही. ठिणगीची दांडी चुकून खाली राहिली, तर पिस्टन वर पोहोचायच्या आत स्फोट होतो आणि हँडल उलट फिरतं. वर ओढणाऱ्या डाव्या हाताची मूठ अशा वेळी आपोआप उघडते. खाली दाबणाऱ्या उजव्या हाताला मात्र पूर्ण धक्का बसतो आणि मनगट मोडतं. थंडीत आणखी एक अडचण येते. क्लचच्या चकत्या इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. ऑइल घट्ट झालं की चकत्या एकमेकींना चिकटून राहतात. हँडल जड लागतंच, शिवाय इंजिन सुरू झाल्याबरोबर गाडी हळूहळू हँडलवाल्याच्या अंगावर येते. त्यावर जुना उपाय असा, की मागचं एक चाक जॅकवर उचलायचं आणि दुसऱ्याच्या पुढे-मागे दगड लावायचा. जड इंजिन त्यानं लगेच हलकं फिरतं.

चालू झाल्यावर ठिणगीची दांडी खाली आणायला विसरू नये. उशिरा ठिणगीवर गाडी चालवत राहिलं की जळतं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जातं, एक्झॉस्टची नळी (मॅनिफोल्ड) लाल होते आणि पाणी उकळतं. ‘मॉडेल टी तापते’ ही तक्रार अनेकदा रेडिएटरची नसते, या दांडीची असते. चढावर थोडी वर, सपाटीला खाली, असा तो हात सतत चालू राहिला पाहिजे.

पायाखाली तीन पेडल आहेत, पण आजच्या कुठल्याच पेडलशी त्यांचं काम जुळत नाही. उजवं पेडल ब्रेक. मधलं रिव्हर्स. डावं पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्ध्यात धरलं की न्यूट्रल, सोडलं की हाय गिअर. हँडब्रेकची दांडी पूर्ण मागे असेल तर न्यूट्रल आणि मागच्या चाकांना ब्रेक. उभी असेल तर नुसतं न्यूट्रल. पुढे टाकली की हाय गिअर लागायला मोकळीक. निघताना दांडी पुढे टाकत डावं पेडल दाबायचं, उजव्या दांडीनं इंजिन वाढवायचं, ताशी १५-२० किमी आल्यावर पेट्रोल कमी करून पेडल हळू सोडायचं. गिअर दोनच. आत ग्रहचक्रासारखी दातेरी चाकं कायम एकमेकांत गुंतलेली असतात; पेडल दाबलं की त्या त्या ड्रमभोवती एक पट्टा आवळला जातो. त्या काळच्या इतर गाड्यांत गिअर टाकताना दात करवतीसारखे ओरडत आणि तुटत. इथं तो प्रकारच नाही. नवशिक्या शेतकऱ्यानं ही गाडी उचलली यामागं हेही मोठं कारण होतं.

खरा कच्चा दुवा आहे तो पट्ट्यांचा. त्यांना आतून सुती लायनिंग असतं आणि ते झिजतं. लो गिअरचा पट्टा बाहेरून, कव्हरच्या उजव्या बाजूच्या स्क्रूनं आवळता येतो. रिव्हर्स आणि ब्रेकसाठी वरचं झाकण उघडावं लागतं. झाकण उघडायच्या आधी आजूबाजूच्या भोकांत फडकं कोंबावं, कारण इथून निसटलेला एखादा नट थेट फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, चुंबकांत जातो आणि मग इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. पट्टा फार आवळला तर तो सुटल्यावरही घासत राहतो आणि ड्रम तापून त्याला चिरा जातात. ढिला ठेवला तर घसरतो आणि लायनिंग जळतं. आता लाकडी आणि केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचं लायनिंगही मिळतं. केव्हलार वर्षानुवर्षं टिकतं, पण अर्धवट दाबून घसरवत चालवणाऱ्याचा ड्रम तेच खातं. पेडल नीट दाबायची सवय नसेल त्यानं लाकडी घ्यावं.

मॉडेल टी उलटी चढवतात, हे खरं आहे आणि त्याला दोन कारणं आहेत. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली; पंप नाही, पेट्रोल उतारानं कार्बोरेटरकडे येतं. टाकी अर्धी रिकामी असताना तीव्र चढ लागला की कार्बोरेटर टाकीपेक्षा वर जातो आणि इंजिन बंद पडतं. गाडी फिरवून मागून चढवली की टाकी वर येते. दुसरं कारण फारसं सांगितलं जात नाही. लो गिअरचं प्रमाण २.७५ आहे आणि रिव्हर्सचं ४, म्हणजे सगळ्यात जास्त ओढ रिव्हर्सलाच आहे. १९२६ च्या सुधारित आवृत्तीत बहुतेक बॉडींची टाकी डॅशसमोर वर नेली आणि पहिली अडचण सुटली.

ऑइलची व्यवस्था समजल्याशिवाय गाडी विकत घेऊ नये. ऑइल पंप नाही, फिल्टर नाही. सुमारे ३.८ लिटर ऑइल खाली साठतं, फ्लायव्हील ते उडवतं आणि त्यातलं थोडं एका बारीक नळीतून पुढच्या टोकाला जातं. ऑइल मोजायला फ्लायव्हीलच्या खालच्या झाकणावर एकाखाली एक असे दोन तोट्या आहेत. पातळी या दोहोंच्या मध्ये हवी: खालची उघडली की ऑइल यावं, वरचीतून येऊ नये. मोजण्यासाठी दर वेळी गाडीखाली शिरावं लागतं, हा त्रास आहे खरा. पण तो टाळणाऱ्याचं इंजिन पुढून जातं. लांबच्या चढावर ऑइल मागे वाहतं आणि पहिल्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग कोरडं पडतं. त्यातच सुती लायनिंगचे तंतू त्या बारीक नळीत अडकले असतील, तर बेअरिंगमधला मऊ धातू (व्हाइट मेटल) वितळून ठोका यायला वेळ लागत नाही. म्हणजे ट्रान्समिशनच्या पट्ट्याची झीज शेवटी इंजिनच्या पहिल्या बेअरिंगवर येते. ऑइल दर ८०० किमीला बदलावं आणि नळीच्या तोंडाशी जाळी बसवून घ्यावी.

थंड करण्यासाठीही पंप नाही. पहिल्या अडीच हजार गाड्यांपर्यंत होता, मग काढून टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, गार खाली उतरतं, एवढ्यावर काम चालतं. यासाठी पाण्याची पातळी वरच्या होजच्या वर असलीच पाहिजे. खाली गेली की फिरणं थांबतं. जुन्या रेडिएटरच्या नळ्यांवरचे पत्रे झाळणं सुटून सैल झालेले असतात. दिसायला रेडिएटर शाबूत, पण उष्णता बाहेर जातच नाही. अशा वेळी पाण्याचा पंप बसवून घेणारे पुष्कळ आहेत. दोष झाकला जातो, जात नाही. रेडिएटरचा नळ्या-पत्र्यांचा गाभा (कोअर) नवा घालावा.

ठिणगीची रचना मला या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. फ्लायव्हीलवर इंग्रजी व्हीच्या आकाराचे १६ चुंबक, त्यांच्यासमोर १६ गुंडाळ्या. बॅटरी नसताना इंजिन स्वतःची वीज स्वतः बनवतं; या रचनेला मॅग्नेटो म्हणतात. प्रत्येक सिलिंडरला एक अशा चार लाकडी पेट्यांतल्या कॉइल डॅशवर असतात आणि चालू असताना माश्यांसारख्या गुणगुणतात. कुठला सिलिंडर मिस मारतोय ते शोधायला एकेका कॉइलची पत्ती बोटानं दाबून धरायची. दाबल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरचा. कॉइल चाचणी यंत्रावर १.३ ॲम्पिअरला लावून घ्याव्यात. चौघी सारख्या नसतील तर गाडी कधीच गुळगुळीत चालत नाही. आतला जुना कागदी कंडेन्सर बदललेलाच बरा. प्लगची फट १/३२ इंच. कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची हे ठरवणारा पुढच्या बाजूचा टायमर रोज दोन थेंब ऑइल मागतो. आणि एक ताकीद: बॅटरीची वायर मॅग्नेटोच्या टोकाला चुकूनही जोडू नये. चुंबकांची शक्ती जाते आणि ती परत भरायला कसबी हात लागतो. १९१५ पासूनचे विजेचे दिवेही याच मॅग्नेटोवर चालत, म्हणून इंजिन हळू झालं की दिवे मंद होत.

ब्रेकबद्दल मात्र कौतुकाला जागा नाही. पायाचा ब्रेक ट्रान्समिशनच्या आत आहे, चाकांवर नाही. त्याची पकड प्रोपेलर शाफ्ट, पिनियन आणि क्राउन ही दातेरी चाकं आणि ॲक्सल यांच्यामार्फत चाकाला पोहोचते. या साखळीतला एक दुवा तुटला तर पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही. मागच्या ॲक्सलमध्ये व्हाइट मेटलच्या थ्रस्ट वॉशर आहेत आणि शंभर वर्षांत त्या भुरभुरीत होतात. त्या फुटल्या की क्राउन पिनियनपासून सरकतं, दात सुटतात आणि उतारावर ब्रेक नाहीसा होतो. मागच्या मालकानं काय सांगितलं यावर न जाता ॲक्सल उघडावा आणि ब्राँझच्या वॉशर घालाव्यात. त्याच्या जोडीला मागच्या चाकांच्या ड्रमवर बाहेरून आवळणारे जादा ब्रेक बसवावेत. हे दोन्ही झाल्याशिवाय घाटात जाऊ नये.

विकत घेताना आणखी चार गोष्टी पाहाव्यात. लाकडी चाक दोन्ही हातांनी हलवावं; आरे कोरड्या हवेत सुकून सैल होतात. पाण्यात भिजवून ते तात्पुरते घट्ट होतात, म्हणून नुकतं धुतलेलं चाक असेल तर वाळू द्यावं आणि मग तपासावं. पुढच्या ॲक्सलला धरणाऱ्या विशबोनचा इंजिनखालचा गोळा ढिला नसावा. तो निसटला तर पुढचा ॲक्सल दुमडतो. जुन्या अरुंद टायरमध्ये ६० पाउंड हवा हवी. कमी असेल तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. आणि वेग ताशी ५५ किमीच्या आत ठेवावा. गाडी ६५-७० पर्यंत जाते, पण बेअरिंगात फक्त सव्वा इंच जाड असलेला, तीनच बेअरिंगांवरचा क्रँकशाफ्ट त्यासाठी नाही. तो तुटतो.

या सगळ्यात एक गोष्ट दिसते. प्रत्येक दोषाला हातानं करता येणारा उपाय आहे. पाना, हातोडी, पक्कड आणि थोडी समज असलेला माणूस ही गाडी अंगणात उघडून परत जोडू शकतो, आणि सुटे भाग आजही अमेरिकेत नवे मिळतात. भागांची मापं काटेकोर आणि सारखी ठेवल्याशिवाय हे शक्य नव्हतं. तीच अट फिरत्या जुळणी-पट्ट्याचीही होती. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात चासी ओढत नेऊन जोडायला सुरुवात झाली आणि एका चासीला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून १ तास ३३ मिनिटांवर आला. १९०९ मध्ये ८५० डॉलरची टूरिंग (उघडी, दोन ओळींच्या सीटची गाडी) १९१६ मध्ये ३६० डॉलरला मिळू लागली; १९२५ च्या सुमाराला दोन माणसांची रनअबाउट २६० डॉलरला होती. रंगाची दंतकथाही इथंच बसते. सुरुवातीच्या गाड्या हिरव्या, लाल, करड्या होत्या. फक्त काळी ही सक्ती १९१४ ते १९२५ एवढीच होती.

जुळणी-पट्ट्यावरचं काम कंटाळवाणं आणि कष्टाचं होतं, माणसं टिकत नव्हती. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं आठ तासांना पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या जवळपास दुप्पट. त्यासोबत कामगाराच्या घरात डोकावून तो दारू पितो का, बचत करतो का हे तपासणारा विभागही आला. हे दोन्ही सोबतच सांगितलं पाहिजे. हेन्री फोर्डच्या मालकीच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या साप्ताहिकानं १९२० पासून ज्यूंविरुद्ध चालवलेला विषारी मजकूर हा या नावावरचा सगळ्यात काळा डाग. १९२७ ची माफी तो पुसू शकली नाही. आणि १९३७ मध्ये रूज कारखान्याच्या पुलावर युनियनच्या लोकांना कंपनीच्या माणसांनी मारहाण केली, त्याची छायाचित्रं देशभर छापून आली. युनियनशी करार व्हायला १९४१ उजाडलं.

व्यवसायातली चूक साधी होती. गाडी बदलायची नाही, फक्त स्वस्त करत न्यायची, हा हट्ट. शेव्हरलेकडे तीन गिअर होते, जनरल मोटर्स हप्त्यांवर गाडी देत होती, आणि ग्राहकाला आता चिखलातली गाडी नको होती. मुलगा एडसेल बदल मागत राहिला, हेन्री नाही म्हणत राहिला. शेवटी १९२७ मध्ये उत्पादन थांबवावं लागलं, आणि डिसेंबरात चारही चाकांना ब्रेक असलेली मॉडेल ए येईपर्यंत कारखान्यांचे अनेक महिने गेले. हा धक्का पुढच्या फोर्डवाल्यांनी कायम लक्षात ठेवला असं म्हणवत नाही. १९७० च्या दशकात पिंटो या छोट्या फोर्डची पेट्रोल टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे ठेवली गेली आणि मागून धडक बसली की आग लागण्याच्या धोक्यामुळे १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. उलट २००६ मध्ये मालमत्ता गहाण ठेवून मोठं कर्ज आधीच उभं केल्यामुळे २००९ च्या मंदीत जनरल मोटर्स आणि क्रायस्लरसारखी दिवाळखोरी फोर्डवर आली नाही. जग्वार आणि लँड रोव्हर २००८ मध्ये टाटांना विकणं हाही त्याच आवराआवरीचा भाग.

आपल्या भागात आलेल्या मॉडेल टी कॅनडाच्या. ब्रिटन सोडून बाकी साम्राज्याला गाड्या पुरवायचं काम फोर्ड ऑफ कॅनडाकडे होतं, म्हणून भारतातल्या जुन्या गाड्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. अमेरिकेतून आणलेली डाव्या स्टिअरिंगची टूरिंग दिसली, तर चालकाच्या बाजूचं पुढचं दार पाहावं: १९१२ ते १९२५ च्या गाड्यांत तिथं दार नाहीच, नुसता पत्र्यावरचा ठसा आहे. १९२६ मध्ये याच कॅनडावाल्यांनी भारतात कंपनी काढली. ती स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत बंद झाली. फोर्ड परत आली ती १९९५ मध्ये, महिंद्राच्या भागीदारीत, आणि एस्कॉर्ट नाशिकला बनली. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीनं भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं. साणंदचा कारखाना २०२३ मध्ये टाटांकडे गेला.

मॉडेल टी रोजच्या वापरासाठी घेऊ नये. वाहतुकीत तिचा ब्रेक पुरत नाही आणि मागच्या गाडीवाल्याला ते कळत नाही. पण यंत्र शिकायचं असेल, हातानं काम करायची आवड असेल आणि एखाद्या शांत रस्त्यावर रविवारची फेरी मारायची असेल, तर एवढं उघडं, समजणारं आणि सुटे भाग मिळणारं जुनं वाहन दुसरं नाही. १९२६-२७ ची गाडी घ्यावी. टाकी वर, ब्रेकचे ड्रम मोठे, सेल्फ स्टार्टर. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्यांनी किंवा तिकडे नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी आधी डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये मॉडेल टीची फेरी घ्यावी. जमलं तर चालकाशेजारची जागा मागावी आणि निघताना त्याच्या डाव्या पायाकडे आणि उजव्या हाताकडे पाहावं: पेडल सुटताना पेट्रोल किती कमी होतं, ते तिथं एकदा पाहिलं की समजतं.